आधी मोजा, मग ताणा: बेसबॉल खेळणाऱ्या मुलांच्या मराठी पालकांना खुले पत्र

प्रिय पालकहो, आणि तुमच्यातूनच पुढे आलेल्या स्वयंसेवक प्रशिक्षकांनो,

सप्रेम नमस्कार.

एप्रिल लागला की न्यू जर्सीतल्या आपल्या भागात शनिवारची सकाळ मैदानावरच उजाडते. गवतावर दव असते, कुंपणाच्या जाळीला मुलांच्या बॅगा लटकलेल्या असतात, कोणीतरी आणलेल्या थर्मासमधला चहा हातोहात फिरत असतो आणि सामन्याला अजून पाऊण तास असतो. तेवढ्यात मुले जोड्या करतात. एक मुलगा पाठमोरा उभा राहतो, दुसरा मागून त्याची दोन्ही मनगटे धरतो आणि हात ताठ ठेवून ते मागे व वर खेचत राहतो. आपल्यापैकीच एखादे बाबा मोठ्याने तीसपर्यंत आकडे मोजतात. ज्याचे हात खेचले जात असतात तो ओठ आवळून हसत असतो, कारण मित्रासमोर ‘पुरे’ म्हणायचे नसते. तीस झाले की जोडी बदलते. त्या तीस आकड्यांविषयी हे पत्र आहे.

मी व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट आहे. शिक्षण पुण्यात झाले आणि पहिली काही वर्षे मुंबईत काढली. तेव्हा माझ्यासमोर येणारे दुखरे खांदे बहुतेक क्रिकेटचे असत. इथे आल्यापासून ते बेसबॉलचे असतात. शिवाय माझा मुलगा पिचर आहे, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू टाकणारा. त्यामुळे मी तुम्हाला उपदेश करण्याच्या जागेवर नाही. पुढे जी चूक सांगणार आहे ती मी आई म्हणूनही केली आहे आणि फिजिओथेरपिस्ट म्हणूनही. माझी विनंती थोडक्यात अशी आहे की मुलाचा खांदा ताणण्यापूर्वी तो दोन्ही बाजूंनी मोजून घ्यावा आणि तो ज्या दिशेला कमी पडत असेल त्याच दिशेला, जेवढा कमी पडत असेल तेवढाच ताणावा. सगळ्या संघाला रांगेत उभे करून एकच ताण देण्याची पद्धत आपण या हंगामापासून बंद करावी.

चेंडू टाकताना खांद्यात काय घडते ते ठाऊक असले, तर ही विनंती अवाजवी वाटणार नाही. पिचर पुढचा पाय टाकतो, कंबर वळते, तिच्यामागोमाग छाती वळते आणि हात मात्र मागेच राहतो. कोपर खांद्याच्या पातळीत असते आणि मनगट इतके मागे झुकलेले असते की व्हिडिओ त्या क्षणी थांबवला तर हात मोडला की काय असे वाटावे. पाठ, फरा (खांद्यामागचे चपटे हाड) आणि खांद्याचा सांधा या तिघांची वळणे मिळून हा कोन सुमारे 170 ते 180 अंशांपर्यंत जातो. तिथून हात पुढे येतो तो दंडाचे हाड स्वतःभोवती आतल्या बाजूला गरकन फिरवत. प्रौढ पिचरमध्ये या फिरण्याचा वेग सेकंदाला सुमारे 7000 अंश मोजला गेला आहे, आणि मानवी शरीराच्या मोजल्या गेलेल्या हालचालींत ही सर्वांत वेगवान हालचालींपैकी एक मानली जाते. चेंडू हातून सुटतो, पण खरे संकट त्यानंतरच्या क्षणी येते, कारण चेंडूपाठोपाठ हातही निघालेला असतो. त्याला सांध्यातून बाहेर ओढणारे बल प्रौढ पिचरमध्ये त्याच्या स्वतःच्या वजनाहून अधिक असते, आणि ते थोपवण्याचे काम खांद्याच्या मागच्या अंगाला असलेल्या, आकाराने अगदीच लहान अशा स्नायूंवर येऊन पडते. घाट उतरताना ब्रेकची जी गत होते तीच त्यांची होते.

याचा परिणाम काही महिन्यांत दिसू लागतो. हात मागे झुकण्याची क्षमता वाढते, कारण प्रत्येक चेंडूला समोरचा भाग ताणला जातो. आणि हात आतल्या बाजूला वळण्याची क्षमता घटते, कारण मागचे स्नायू ब्रेक लावून लावून आखडतात. हे आखडणे एका दिवसातही मोजता येते. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 67 व्यावसायिक पिचरांचे खांदे पिचिंगच्या आधी, लगेच नंतर आणि 24 तासांनी मोजले, तेव्हा आतले वळण पिचिंगनंतर सरासरी साडेनऊ अंशांनी घटलेले आढळले आणि दुसऱ्या दिवशीही ती घट पुरती भरून आलेली नव्हती. शनिवारी खेळून रविवारी पुन्हा माउंडवर, म्हणजे पिचरच्या उंचवट्यावर, चढणारा मुलगा कालची उधारी घेऊनच चढत असतो, असा त्याचा अर्थ मी घेते.

आता त्या तीस आकड्यांकडे पुन्हा पाहू. हात ताठ ठेवून मागे आणि वर खेचले की ताण बसतो तो खांद्याच्या पुढच्या अंगाला, म्हणजे सांध्याच्या पुढच्या आवरणाला. पिचरचे तेच अंग आधीच सैल झालेले असते. पुढच्या दोन तासांत ते आणखी साठ-सत्तर वेळा ताणले जाणार असते, आणि आपण त्यालाच सकाळी साडेसातला, अंग थंड असताना, दुसऱ्या मुलाच्या हाताने खेचून आणखी सैल करतो. जो भाग आखडलेला असतो त्याला या प्रकाराने काहीही मिळत नाही. ताण देणाऱ्या मुलाला समोरच्याच्या सांध्याची हद्द कळत नाही, हा धोका निराळाच.

इथवर वाचून तुमच्यापैकी काहीजण म्हणतील की मग मागचा भाग ताणू, त्यात काय एवढे. मीही नेमके तेच म्हटले होते.

माझा मुलगा तेव्हा तेरा वर्षांचा होता. एके दिवशी जेवताना त्याने ताट डाव्या हाताने ओढले, तेव्हा माझे लक्ष गेले. “खांदा भरून आलाय फक्त,” तो म्हणाला. रात्री त्याला पाठीवर झोपवले, दंड बाजूला खांद्याच्या रेषेत घेतला, कोपर काटकोनात ठेवले, बोटे छताकडे केली आणि हात आतल्या बाजूला, पावलांच्या दिशेने, खाली आणून पाहिला. डावीकडे तो 60 अंश आला आणि उजवीकडे 45. पंधरा अंशांचा फरक पाहून मला निदान हाती लागल्यासारखे वाटले आणि त्या रात्रीपासून मी त्याच्याकडून स्लीपर स्ट्रेच करून घेऊ लागले. हा ताण तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. ज्या हाताने फेकायचे त्याच कुशीवर झोपायचे, कोपर काटकोनात ठेवायचे आणि दुसऱ्या हाताने ते मनगट गादीकडे दाबायचे. मी रोज दोन वेळा, तीन आठवडे, अंमळ जोर लावूनच ते करून घेतले. पंधराचे बारासुद्धा झाले नाहीत आणि फेकताना होणारे दुखणे वाढत गेले.

मी अर्धेच मोजले होते. हात उलट दिशेला, डोक्याकडे, किती जातो ते मी पाहिलेच नव्हते. नंतर पाहिले तेव्हा डावा 105 अंश गेला आणि उजवा 120. आता बेरीज करून पाहा: डावीकडे 105 आणि 60 मिळून 165, उजवीकडे 120 आणि 45 मिळूनही 165. उजव्या खांद्याने एक अंशही गमावलेला नव्हता. त्याचे सगळे वळणच पंधरा अंशांनी मागे सरकलेले होते, घड्याळाची तबकडी थोडी फिरवून बसवावी तसे.

हे सरकणे स्नायूंमुळे झालेले नसते, हाडामुळे झालेले असते. जन्मतः दंडाच्या हाडाला बराच मागचा पीळ असतो आणि वाढीच्या वयात तो हळूहळू उलगडत जातो. जे मूल लहानपणापासून जोराने फेकत आले आहे, त्याच्या फेकणाऱ्या दंडात हे उलगडणे मंदावते आणि पीळ शिल्लक राहतो. मोठ्या वयाच्या पिचरांत दोन दंडांमधला हा फरक दहा-पंधरा अंशांच्या आसपास असणे अगदी नेहमीचे आहे. त्यामुळे हात आपसूकच जास्त मागे झुकतो आणि तेवढाच कमी आत वळतो. हे शरीराने खेळाशी केलेले जुळवून घेणे आहे, आणि बऱ्याच तज्ज्ञांच्या मते ते काही अंशी संरक्षकच आहे. हाडाचा पीळ कोणत्याही ताणाने निघत नाही. मी तीन आठवडे माझ्या मुलाचे हाड ताणू पाहत होते.

त्याच संघातल्या दुसऱ्या एका मुलाची मोजणी मी पुढे केली. त्याचा डावा हात 100 आणि 60, म्हणजे 160. उजवा 108 आणि 40, म्हणजे 148. आत वळण्यातला फरक माझ्या मुलाच्या फरकाहून पाचच अंश जास्त, पण एकूण वळणात तो बारा अंश गमावून बसला होता, आणि हे गमावणे हाडाने समजावता येत नाही. त्याच्या खांद्याचा मागचा भाग खरोखर आखडला होता आणि त्याला ताणाची गरज होती. चार आठवड्यांनी त्याचे बारापैकी नऊ अंश परत आले. मैदानावर हे दोघे शेजारी उभे राहून एकच ताण करत असत.

दोन्ही बाजूंच्या एकूण वळणांत पाच अंशांपर्यंत फरक असेल तर सहसा काळजी नसते, पाचाहून अधिक घट असेल तर लक्ष घालावे, असा ठोकताळा आमच्या व्यवसायात बराच रुळला आहे. मोजायला फार काही लागत नाही. एक टणक पलंग, एक मदतनीस आणि फोनमधले कोन मोजणारे साधन पुरते. दोन गोष्टी मात्र कसोशीने पाळाव्या लागतात. मदतनिसाने खांद्याचा पुढचा उंचवटा तळव्याने हलके दाबून धरावा, कारण सांधा संपला की फरा पुढे उचलला जातो आणि आकडा फुगतो. फरा हलू लागला की तिथेच थांबून वाचन घ्यावे. दुसरे म्हणजे हात आपल्या वजनाने जाईल तेवढाच जाऊ द्यावा, ढकलू नये. माझ्या अनुभवात घरी मोजलेल्या आकड्यात चार-पाच अंश इकडेतिकडे होतातच, म्हणून तीनदा मोजून मधला आकडा लिहावा आणि शंका आली तर ज्याला हे रोजचे काम आहे त्याच्याकडे जावे.

स्लीपर स्ट्रेच इतका घरोघरी कसा पोहोचला, हेही सांगायला हवे. 2003 मध्ये बर्कहार्ट, मॉर्गन आणि किब्लर या तीन शल्यविशारदांनी फेकणाऱ्यांच्या दुखऱ्या खांद्यावर लेखमाला लिहिली आणि मागच्या आवरणाचे आखडणे हे पुष्कळ दुखण्यांचे मूळ असल्याचे मांडले. त्यानंतर आतले वळण कमी दिसले की ताणा, असा सोपा नियम मैदानांवर पसरला. मूळ विचार इतका सोपा नव्हता. पुढे 2015 मध्ये अलाबामातल्या बर्मिंगहॅमच्या संशोधकांनी 296 व्यावसायिक पिचरांचा आठ हंगामांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात एकट्या आतल्या वळणाच्या घटीवरून खांद्याच्या दुखापतीचे भाकीत करता आले नाही. उलट ज्यांचा फेकणारा हात दुसऱ्या हातापेक्षा किमान पाच अंश अधिक मागे जात नव्हता, त्यांना खांद्याच्या दुखापतीने बाहेर बसावे लागण्याची शक्यता 2.2 पट आढळली. कोपराच्या बाबतीत याच गटाच्या 2014 मधल्या अभ्यासात एकूण वळण पाच अंशांहून अधिक घटलेल्यांना दुखापतीचा धोका 2.6 पट दिसला होता. हे सगळे प्रौढ व्यावसायिक आहेत, बारा वर्षांच्या मुलांना ते आकडे जसेच्या तसे लावता येत नाहीत, हे मला मान्य आहे. पण खांदा हा फक्त एका दिशेने कमी पडतो असे मानून त्याला रोज दाबत राहणे शास्त्राच्या नावाने समर्थनीय नाही, एवढे त्यावरून नक्की म्हणता येते.

ज्यांचे मोजमाप खरोखर कमी भरते त्यांनी काय करावे? माझी पसंती क्रॉस-बॉडी स्ट्रेचला आहे. भिंतीला किंवा दाराच्या चौकटीला फऱ्याची बाहेरची कड टेकवून उभे राहावे, म्हणजे फरा अडकून राहतो. मग दुसऱ्या हाताने कोपर धरून दंड छातीवरून पलीकडच्या खांद्याकडे आणावा. ताण खांद्याच्या मागे जाणवला पाहिजे. तो पुढे टोचू लागला किंवा वरच्या टोकाशी चिमटा बसल्यासारखे वाटले तर ताबडतोब सोडावे. 30 सेकंद धरून पाच वेळा, दिवसातून एकदा. 2007 मधल्या एका प्रयोगात नेमके एवढेच चार आठवडे केल्यावर आतल्या वळणात ताण न करणाऱ्या गटापेक्षा स्पष्ट सुधारणा दिसली होती; स्लीपर स्ट्रेचबाबत तसे ठामपणे म्हणता आले नाही, पण या दोन ताणांमधला फरकही निर्णायक नव्हता. त्या प्रयोगातल्या व्यक्ती बेसबॉलपटू नव्हत्या, तरी माझ्या टेबलावरचा अनुभव त्याच बाजूचा आहे. भिंतीला फरा टेकवण्याची पायरी मुले हमखास गाळतात. ती गाळली की फरा मोकळा सरकतो, मुलाला वाटते खांदा ताणला गेला, आणि ताण सगळा फऱ्याच्या मागच्या स्नायूंत जिरून जातो. स्लीपर स्ट्रेच करायचाच असेल तर पूर्ण कुशीवर न झोपता धड थोडे मागे कलते ठेवावे आणि मनगटावर दोन बोटांपेक्षा अधिक जोर देऊ नये.

आणि हे सगळे खेळ संपल्यावर. खेळाआधी अंग तापवायचे असते, त्यासाठी हलके धावणे, कंबर आणि पाठ वळवण्याच्या हालचाली, रबरी पट्ट्याचे हलके व्यायाम, मग जवळून सुरू करून हळूहळू लांब फेकणे, हा क्रम पुरेसा आहे. एकाच स्थितीत मिनिटभराहून अधिक धरलेला ताण स्नायूची ताकद तात्पुरती किंचित उतरवतो, हे आता पुष्कळ अभ्यासांतून दिसले आहे. आणि तो स्नायू तर थोड्याच वेळात ब्रेकचे काम करणार असतो. शेवटचा चेंडू टाकून झाल्यावर, स्नॅक्सची पिशवी उघडण्याआधीची दहा मिनिटे मात्र आपण ताणाला द्यायला हवीत. सध्या मुले तेव्हा थेट गाडीकडे पळतात.

आपल्या बाबा मंडळींना उद्देशून थोडे वेगळे बोलते. आपण क्रिकेटवर वाढलो, त्यामुळे खांद्याविषयीची आपली सगळी समजूत गोलंदाजीतून आलेली आहे. शिवाजी पार्कात गोलंदाज रनअपच्या टोकाला उभा राहून दोन्ही हात पवनचक्कीसारखे फिरवत असे, आणि ते चित्र मनात इतके पक्के आहे की इथल्या मैदानावरही आपण मुलाला तेच करायला लावतो. पण गोलंदाजाचे कोपर फार तर पंधरा अंश सरळ होऊ शकते, त्याहून अधिक झाले तर चेंडू अवैध ठरतो. त्याचा हात लांब चाकासारखा फिरतो. पिचरचे कोपर काटकोनाच्या आसपास वाकलेले असते आणि त्या वाकलेल्या हाताच्या टोकाशी 145 ग्रॅमच्या आसपासचा चेंडू धरून दंड स्वतःभोवती पिळला जातो. हे काम क्रिकेटमध्ये आहे, पण ते सीमारेषेवरून जोरात फेकणाऱ्या क्षेत्ररक्षकाचे आहे, आणि तोही सामन्यात असे फार तर दहा-वीस वेळा फेकतो. पवनचक्कीने अंग तापते, त्याला माझी हरकत नाही. त्याने पिचरचा खांदा मोकळा झाला असे मात्र समजू नका.

आजी-आजोबा भारतातून आले की घरात गोमुखासन सुरू होते, हेही मी अनेक घरांत पाहिले आहे. एक हात वरून, एक हात खालून, पाठीवर बोटांत बोटे अडकवायची. खालचा हात आत वळतो हे खरे, पण त्या स्थितीत फरा पुढे कलंडतो आणि बोटे भिडल्याचा आनंद सांध्याचा की फऱ्याचा हे कळायला मार्ग राहत नाही. मोठ्यांसाठी ते आसन चांगलेच आहे. पिचिंग करणाऱ्या मुलाने बोटे भिडवण्यासाठी हिसका देऊ नये, एवढेच म्हणेन. सूर्यनमस्काराविषयी मात्र माझे मत उलट आहे. पाठ मागे वळते, खुबे मोकळे होतात, हात पूर्ण वर जातात, आणि या तिन्ही गोष्टी पिचरला हव्या असतात. पाठ वळली नाही तर तो तुटवडा खांदा भरून काढतो. पुढच्या पायाचा खुबा अडला तर छाती वेळेवर वळत नाही आणि हात ओढला जातो. खांद्याच्या तक्रारीत मी अनेकदा पहिले दोन आठवडे खांद्याला हातही लावत नाही. सॉफ्टबॉल खेळणाऱ्या मुलींचे पिचिंग हाताखालून असते, त्यांचे गणित निराळे आहे, त्यात इथे शिरत नाही.

माझ्या मुलाचे पुढे काय झाले ते सांगते. दोन्ही खांद्यांचे एक्स-रे शेजारी लावले तेव्हा डॉक्टरांना बोट दाखवावे लागले नाही. उजव्या दंडाच्या वरच्या टोकाशी, जिथे हाड वाढते त्या कूर्चेच्या थरात, काळी रेघ डावीपेक्षा रुंद झाली होती. याला इथे लिटल लीग शोल्डर म्हणतात. साधारण 11 ते 16 या वयात ते दिसते. दंडाच्या लांबीतली सुमारे 80 टक्के वाढ याच टोकाकडून होते आणि त्या वयात हा कूर्चेचा थर आजूबाजूच्या अस्थिबंधांपेक्षा कच्चा असतो, म्हणून पीळ पडला की आधी तोच फाकतो. यावर ताण हा उपाय नाही. उपाय म्हणजे फेकणे बंद, सहसा तीन महिन्यांच्या आसपास, आणि मग हळूहळू परत. त्याचा अख्खा उन्हाळा डगआउटमध्ये धावफलक लिहिण्यात गेला.

कारण शोधायला लांब जावे लागले नाही. तो दोन संघांतून खेळत होता. एका संघात शुक्रवारी पिचिंग, दुसऱ्यात रविवारी पिचिंग, आणि मधल्या शनिवारी कॅचर (क्रिकेटमधल्या यष्टिरक्षकासारखा) म्हणून प्रत्येक चेंडू पिचरकडे परत फेकणे. एकाही संघाच्या प्रशिक्षकाने त्याची मर्यादा ओलांडली नव्हती, कारण दोघेही आपापल्या वहीत फक्त आपापल्या पिच मोजत होते. (पिच म्हणजे इथे खेळपट्टी नव्हे, पिचरने टाकलेला एक चेंडू; भारतातल्या नातेवाइकांना फोनवर हे दर वेळी समजवावे लागते.) तिसरी वही आईने ठेवायला हवी होती, ती मी ठेवली नाही. मी घरात ताण देत बसले, कारण ताण देणे हे काहीतरी केल्यासारखे वाटते आणि सामना नाकारणे हे मुलाचे काहीतरी हिरावल्यासारखे वाटते.

मेजर लीग बेसबॉल आणि यूएसए बेसबॉल यांनी 2014 मध्ये जाहीर केलेल्या पिच स्मार्ट मार्गदर्शिकेत 11-12 वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला 85 पिच आणि 13-14 वर्षांच्या मुलांसाठी 95 ही कमाल मर्यादा आहे. चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाने एका दिवसात 66 किंवा अधिक पिच टाकल्या तर पुढे चार दिवस पिचिंग नाही. आणि वर्षातून किमान चार महिने पिचिंगपासून सुटी. एकाच सामन्यात पिचर आणि कॅचर अशा दोन्ही भूमिका करू नयेत, असेही त्यात म्हटले आहे. हे आकडे मुलाला लागू आहेत, संघाला नव्हे. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शस्त्रक्रिया करावी लागलेल्या किशोर पिचरांची निरोगी किशोर पिचरांशी तुलना केली होती. वर्षात आठ महिन्यांहून अधिक स्पर्धात्मक पिचिंग करणाऱ्यांत शस्त्रक्रियेची शक्यता पाचपट आढळली, आणि हात थकलेला असताना नेहमी पिचिंग करणाऱ्यांत छत्तीसपट. छत्तीस हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा छपाईची चूक असावी असे वाटून तो पुन्हा तपासला होता.

म्हणून प्रशिक्षकपद सांभाळणाऱ्या पालकांकडे माझे मागणे असे आहे. जोडीने हात मागे खेचण्याचा प्रकार येत्या शनिवारपासून थांबवा. त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. सामन्यानंतर मुलांना दहा मिनिटे थांबवून घ्या आणि ज्यांची मोजणी कमी भरली आहे त्यांच्याकडून भिंतीपाशी ताण करून घ्या. मुलगा दुसऱ्या संघातही खेळत असेल तर त्या आठवड्याच्या पिच तुम्ही स्वतः विचारा, मूल आपणहून सांगणार नाही. आणि पालकांकडे मागणे असे की ‘थोडे दुखणारच’ हे वाक्य खांद्याच्या वरच्या, दंडाकडच्या दुखण्याला लावू नका. खेळून आल्यावर मागचे स्नायू जड वाटणे वेगळे. चेंडू सुटताना दंडाच्या वरच्या टोकाशी दुखणे, फेक अचानक मंदावणे, रात्री त्या कुशीवर झोपता न येणे, यांपैकी काहीही दिसले की ताण, शेक, तेल सगळे बाजूला ठेवा, फेकणे थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा.

हंगाम सुरू होण्याआधीच्या दोन रविवारी, मराठी शाळा सुटल्यावर, मी शाळेच्या मागच्या खोलीत टेबल लावून बसणार आहे. ज्यांना मुलांचे खांदे मोजून घ्यायचे आहेत त्यांनी जरूर यावे; पैसे नाहीत, एका मुलाला दहा मिनिटे लागतात. बिनबाह्यांचा शर्ट घालून आणा आणि दोन्ही हातांचे चारही आकडे लिहून घ्यायला वही आणा, कारण हेच आकडे जूनमध्ये पुन्हा ताडून पाहायचे आहेत. मुलाने आदल्या दिवशी पिचिंग केले असेल तर मात्र त्या रविवारी आणू नका, पुढच्या रविवारी आणा. कालच्या पिचिंगने आखडलेला खांदा मोजला तर आकडा खोटा येतो, आणि अर्धवट मोजणीवरून मी एकदा तीन आठवडे घालवलेले आहेत.

आपली नम्र,
एका पिचरची आई आणि फिजिओथेरपिस्ट
न्यू जर्सी